स्वस्त संगणक : काय ठेवावे, काय गाळावे?

नवा संगणक बाजारात येणार म्हटले, की त्यात काय काय असेल याचे अंदाज घरोघरी बांधले जातात. बंगळूरच्या काही शास्त्रज्ञांनी मात्र उलटा प्रश्न विचारला: काय नसले तरी चालेल?

भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एनकोअर सॉफ्टवेअर कंपनीचे अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ घडवला. २००१ मध्ये तो जगापुढे आला. साध्या घरगुती संगणकाला तेव्हा २५-३० हजार रुपये पडत; याची अपेक्षित किंमत होती सुमारे ९,००० रुपये. त्यासाठी हार्ड डिस्क आणि कीबोर्ड गाळले. पडद्यावर टेकवायची काडी, मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली आणि भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवण्याची सोय ठेवली. स्मार्ट कार्डासाठी खाचही ठेवली. प्रत्येकाची माहिती त्याच्या कार्डावर राहिली, तर एकच यंत्र अनेकांना पुरेल, हा त्यामागचा हिशेब.

‘अमिडा सिम्प्युटर’ दुकानात आला तो २००४ मध्ये. साध्या पडद्याच्या यंत्राची किंमत सुमारे १०,००० रुपये, रंगीत पडद्याची त्याहून बरीच अधिक. तोवर संगणक स्वस्त होत चालले होते आणि मोबाइल घराघरांत शिरत होता. सिम्प्युटरचा खप बेताचाच राहिला.

काय गाळावे, हे निर्मात्यांनी नेमके ओळखले होते. पण गिऱ्हाईक तेवढ्याच पैशांत शेजारच्या दुकानात काय मिळते, तेही पाहते. म्हणून नव्या यंत्राची वाट पाहण्याआधी घरातली कामे कागदावर लिहून काढावीत. ती आजच्या यंत्रावर होत असतील, तर उद्याच्या यंत्रासाठी थांबायचे कशाला?