पाळकाच्या झोळीतली पुस्तकं

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर. बेळगावच्या या पट्ट्यातल्या एखाद्या लहान मंडळीचा पाळक रविवारी सकाळी घराबाहेर पडतो तेव्हा त्याच्या झोळीत मराठी बायबल असतं, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक असतं आणि कुणाच्या तरी आजारी आईसाठी आणलेल्या गोळ्या असतात. एका गावात उपासना मराठीत, पुढच्या गावात अर्धी कानडीत. सोमवारी कुणाचा शाळेचा दाखला अडलेला, मंगळवारी भावाभावांत वाटणीवरून जुंपलेली, बुधवारी दफनभूमीच्या जागेचा प्रश्न. या सगळ्यात मंडळी त्याच्याच तोंडाकडे बघते. उपदेश करायला तो शिकलेला असतो. माणसं सांभाळायला त्याला कुणी शिकवलेलं असतंच असं नाही.

नेतृत्वावरची पुस्तकं बाजारात ढीगभर आहेत. बरीचशी मोठ्या शहरांतल्या मोठ्या मंडळ्यांसाठी लिहिलेली. चाळीस घरांच्या मंडळीला त्यांचं माप बसत नाही. माझं सांगणं एवढंच आहे, की आपल्या पाळकांनी, पंचमंडळानं, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी सुरुवात घरच्या पुस्तकांपासून करावी. कारण या कामाला उपयोगी पडणारं एक मोलाचं मराठी पुस्तक बेळगावात जन्मलेल्या माणसानंच लिहून ठेवलं आहे.

बेळगावचा मुलगा

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८३१ मध्ये, याच गावात कासार कुटुंबात बाबा पदमनजी जन्मले. ते इथल्या मिशन शाळेत शिकले, मग मुंबईला गेले आणि तिथे परमहंस सभेत सामील झाले. या सभेची माणसं जातिभेद मानत नसत. पण ते दाराआड. सभेत सर्वांच्या हातचं खायचं आणि बाहेर पडलं की पुन्हा जातीच्या पंगतीला बसायचं, असा तो मामला होता. बाबांना हे दुहेरी जगणं पुरेना. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बेळगावात, जिथे प्रत्येक जण त्यांना ओळखत होता.

‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र १८८४ चं. नेतृत्वाची सूत्रं त्यात सापडायची नाहीत. पण जे मनाला पटलं ते चारचौघांत बोलायला माणसाला किती वर्षं लागतात, घरच्यांचं प्रेम आणि स्वतःची खात्री यांत तो कसा ओढला जातो, हे त्यात उलगडतं. मंडळीत नव्यानं येणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या मनात हेच चाललेलं असतं. ते ओळखता आलं, तर त्याला घाई न करण्याचं शहाणपण पाळकाला येतं.

त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती अनेकांना ठाऊक असते. पाळकानं ती वेगळ्या कारणासाठी वाचावी. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि विधवांच्या कहाण्या ऐकते. लिहिणारा तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. पुढे तो पुण्यात पाळक झाला. म्हणजे व्यासपीठावर चढण्याआधी त्यानं बायकांचं दुःख कान देऊन ऐकलं होतं.

घराच्या आतून दिसणारा पुढारी

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३७ या काळात ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं. ते घरोघरी असतं, पण नेतृत्वाचं पुस्तक म्हणून आपण ते कधी उघडत नाही. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे केवढे कवी आणि केवढे सेवक! १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ काढला. जग त्यांना असं ओळखतं. लक्ष्मीबाई दाखवतात ते घरातले टिळक. हातातले पैसे दिसेल त्याला देऊन टाकणारे, मनात आलं की उठून निघणारे. मागे चूल कशी पेटायची, हा प्रश्न बाईंचा.

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, तरी आपलं सोवळं त्यांनी लगेच सोडलं नाही आणि टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. शिवाशिव त्यांच्या मनातून गळून पडली ती त्यांच्या स्वतःच्या विचारानं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानं वाट बघणं, हा नेतृत्वातला सर्वांत अवघड भाग. तो इतक्या जिवंतपणे मी दुसरीकडे वाचलेला नाही.

छापखान्यातल्या बायका

तिसरं नाव पंडिता रमाबाई. जन्म १८५८, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. कर्मभूमी पुणे आणि केडगाव. १८८७ चं त्यांचं इंग्रजी पुस्तक ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ आणि त्यांची ‘माझी साक्ष’ दोन्ही वाचावीत. संस्था उभी करणाऱ्यानं त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा छापखाना डोळ्यांसमोर आणावा. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसलेल्या, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं आश्रमातल्या स्त्रिया करताहेत. यांतल्या कितीतरी जणींना दुष्काळानं किंवा वैधव्यानं घराबाहेर काढलेलं. भाषांतर मुद्दाम सोपं ठेवलेलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. आपण नसतानाही काम चालावं इतकी माणसं तयार करणं, हे त्यातून शिकायचं.

लोकांच्या भाषेची ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओव्यांत रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघालं. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ दिलं आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं.

बाहेरची चार

घरचं वाचून झालं की बाहेरचंही घ्यावं. पोप ग्रेगरी यांनी ५९० च्या सुमारास लिहिलेल्या पाळकीय नियमांच्या पुस्तकात मोठा भाग एकाच गोष्टीला दिला आहे. गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि उदास, उतावळा आणि मंद, यांतल्या प्रत्येकाशी बोलायची रीत निराळी. रिचर्ड बॅक्स्टर यांचं ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ १६५६ चं. किडरमिन्स्टर हे त्यांचं गाव विणकरांचं. आठवड्यातले दोन दिवस ते एकेका कुटुंबाला वेगळा वेळ देत. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या वाचकाला हे गाव परकं वाटणार नाही.

डीट्रिख बोनहोफर यांचं ‘लाइफ टुगेदर’ १९३९ चं. हिटलरच्या पोलिसांनी बंद केलेल्या पाळक-विद्यालयातल्या सहजीवनातून ते आलं. त्यातला सेवांचा क्रम बघा. आधी जीभ आवरणं, मग नम्रता, ऐकणं, मदत, दुसऱ्याचं ओझं वाहणं, मग वचन सांगणं. अधिकार सर्वांत शेवटी. हेन्री नाउवेन यांचं ‘इन द नेम ऑफ जीझस’ हे १९८९ चं छोटंसं पुस्तक. हार्वर्डची प्राध्यापकी सोडून ते मतिमंद माणसांच्या वस्तीत राहायला गेले. तिथे त्यांच्या विद्वत्तेला काही किंमत नव्हती, आणि तिथेच त्यांना नेतृत्व नव्यानं समजलं.

वाचायचं कसं

एकट्यानं वाचलेलं पुस्तक उपदेशात एखाद्या दाखल्यापुरतं येतं आणि संपतं. म्हणून सात-आठ जणांनी मिळून वाचावं. पाळक, एखादा पंच, महिला समितीतल्या दोघी, तरुण संघातली मुलं. पुस्तकाची एकच प्रत पुरते. आठवड्याला एक प्रकरण, एकानं मोठ्यानं वाचायचं. अडलेला शब्द ज्याला येतो त्यानं कानडीत सांगायचा. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, पण दोन्ही भाषा एकाच बाकावर बसतात ही आपल्या मंडळ्यांची जुनी कमाई आहे. ती इथे कामाला येते. शेवटी प्रत्येकानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: या आठवड्यात मी कुणाच्या दारी जाणार?

नाताळात मंडळी पाळकांना शाल देते. यंदा शालीबरोबर ‘स्मृतिचित्रे’ द्या, आणि ते आधी पाळकांच्या पत्नीच्या हाती ठेवा. त्यांनी वाचून झाल्यावर घरात जे बोलणं होईल, त्याचा उपयोग साऱ्या मंडळीला होईल.