जुन्या गोव्याचा उरलेला मनोरा

मंडळी, जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जेझू चर्च पाहून तसेच माघारी फिरू नका. जवळच मोंते सांतो नावाची टेकडी आहे, ती चढा. वर जांभ्या दगडाचा एक फुटका मनोरा एकटाच उभा दिसेल. उंची ४६ मीटर, म्हणजे सुमारे दीडशे फूट. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा हा घंटेचा मनोरा. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी हे चर्च १६०२ साली पुरं केलं.

ते पडलं कसं? कोणी तोफा डागल्या नाहीत. पोर्तुगीज सरकारनं १८३५ साली मठ बंद करून साधूंना घालवून दिलं, एवढंच. राहतं घर ओस पडलं म्हणजे काय होतं, ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. सात वर्षांत, १८४२ साली, चर्चचं कमानदार छत खाली आलं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. पण अंगावरचा चुन्याचा गिलावा गेला की पाणी पितो नि झिजतो. छत गेल्यावर उंच भिंतींचा पाठीचा आधारही गेला. १९३१ साली दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा कोसळला, १९३८ साली आणखी काही भाग पडला.

आता या ढिगाऱ्यात काय असणार, असं वाटेल. तर ऐका. जॉर्जिया देशाची राणी केतेवान धर्म बदलायला तयार होईना, म्हणून इराणच्या शहा अब्बासनं १६२४ साली तिला ठार मारवलं. ऑगस्टीन साधूंनी तिच्या अस्थी गोव्याला आणून याच मठात ठेवल्या. पेटी कुठल्या खिडकीपाशी आहे, हे जुन्या कागदांत लिहिलेलं होतं; पण खिडकी नि भिंत दोन्ही दगडमातीखाली! पुरातत्त्व खात्यानं खणून मठाचा नकाशा जुळवला, आणि २००४ साली एक हाड हाती लागलं. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्यातला आईकडून उतरणारा वंशांश तपासला. तो तपासलेल्या भारतीयांत सापडला नाही. जॉर्जियातल्या लोकांत सापडला. २०२१ साली भारत सरकारनं या अस्थींचा काही भाग जॉर्जियाला दिला.

आणि घंटा? ती आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, नि १८७१ साली पणजीच्या चर्चवर चढली. गुरुजींनी मुलांची सहल नेली, तर पणजीच्या पायऱ्यांवर उभं राहून ती जरूर दाखवावी.