यात्रेची तिकिटे हाती, घरात कांजिण्यांची शंका

मार्चअखेरचे हिशेब मिटले की आपल्या कुटुंबांतून यात्रेचे बेत आखले जातात. इस्लामपूरहून सम्मेद शिखरजीला जायचे म्हणजे रेल्वेची तिकिटे कधीच काढलेली असतात, मधुबनच्या धर्मशाळेत खोल्या सांगितलेल्या असतात आणि दुकान कोणी सांभाळायचे तेही ठरलेले असते. नेमक्या याच ऋतूत कांजिण्यांचा जोर असतो. निघण्यास आठवडा उरला असता कळते, की नातवाच्या बाकावरील मुलाच्या अंगावर फोड उठले आहेत. नातू मात्र हसतखेळत आहे. अशा वेळी निघावे की थांबावे?

मूल तापाने फणफणले असते तर निर्णय सोपा होता. खरी अडचण या मधल्या काळाची आहे, आणि तेथे अंदाजापेक्षा मोजणी उपयोगी पडते. कांजिण्यांचा संसर्ग झाल्यापासून साधारणपणे १० ते २१ दिवसांत पुरळ उठतो. पुरळ दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल इतरांना आजार देऊ शकते. म्हणजे संपर्काच्या दिवसापासून आठवा ते एकविसावा दिवस जोखमीचा. प्रवास या काळात येत असेल, तर तो पुढे ढकलणेच श्रेयस्कर.

त्याच दिवशी लसीकरणाचे कार्डही पाहावे. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात आहे. कांजिण्यांची त्यात नाही, ती खासगीरीत्या घ्यावी लागते. दोन मात्रा झालेल्या मुलाला धोका बराच कमी असतो. लस झाली नसल्यास संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत ती दिल्याने आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून डॉक्टरांना विचारण्यात दिरंगाई नको.

आता जमाखर्च मांडू. प्रवास रद्द केल्यास तिकिटाच्या रकमेत कपात होते, मन खट्टू होते. हे नुकसान मोजता येते. उलट निघालो आणि मधुबनात पुरळ उठला, तर सुमारे २७ किलोमीटरची पर्वतवंदना दूरच, परक्या गावी एका खोलीत मुलाला घेऊन बसावे लागते. शिवाय डब्यात शेजारी कोणी गर्भवती असेल, तान्हे बाळ असेल, कर्करोगावर उपचार घेणारे कोणी असेल. त्यांच्यासाठी हा आजार गंभीर ठरू शकतो. आपल्या बेताचा खर्च त्यांना न विचारता त्यांच्या नावे टाकणे न्याय्य नाही.

प्रवासाबरोबर संसर्ग कसा येतो, हे आपल्या गावाला नवे नाही. मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात करोना आढळला, घरातल्या घरात रुग्णांची संख्या वीसच्या पुढे गेली आणि गाव बंद झाले. त्यात त्या कुटुंबाला दोष देण्याचे कारण नव्हते. त्या काळी कोणालाच फारसे ठाऊक नव्हते. कांजिण्यांबाबत मात्र आपल्याला ठाऊक असते.

सर्वांनीच थांबावे असे नाही. पूर्वी कांजिण्या येऊन गेलेले आजी-आजोबा किंवा आई-वडिलांपैकी एक जण मुलाजवळ राहू शकतो. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज दिल्यास आरक्षित तिकीट जवळच्या नातलगाच्या नावे करता येते. वडीलधारी मंडळी 'दर्शनाला निघालो आहोत, काही होत नाही' असे म्हणतील. त्यांना दिवसांची ही मोजणी शांतपणे दाखवावी. शिखरजी जागेवरच आहे. वंदना पुढच्या हंगामातही घडेल.