अर्ध्या सुताची जागा

पूर्वी मुलगी सासरी निघाली की तिच्या सामानात फणीकरंड्याची पेटी असायचीच. झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी आणि तळाशी एखादा चोरकप्पा. भरल्या घरात तिच्या एकटीच्या मालकीची अशी तेवढीच काय ती जागा! पुढे आरसे भिंतीवर गेले, कुंकवाची जागा टिकलीने घेतली आणि पेटी माळ्यावर जाऊन बसली. पण माळ्यावरची वस्तू विस्मरणात गेली तरी निकामी होत नाही. अशी पेटी नव्याने, आणि तीही हौसेने निरनिराळ्या मुलखांची लाकडे आणून करायची म्हटले, तर काय काय पाहावे लागते ते सांगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

मी पेशाने शाळामास्तर, सुतारकाम हा निवृत्तीनंतरचा नाद. राहणार गडबचा. वडखळहून नागोठण्याकडे निघालात की रस्त्यावर आमचे गाव लागते. गावाचे नाव गडब असले तरी या कामात गडबड चालत नाही, हे आमच्या मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यांच्याच हाताखाली मी रंधा धरायला शिकलो.

आता मूळ गोष्ट. आमच्या आईची शिसवी पेटी थोरल्या पुतणीने २०१४ साली कॅनडाला नेली. साठएक वर्षे ती पेटी आमच्या खाऱ्या, दमट हवेत सुखाने नांदली होती. तिकडच्या पहिल्याच थंडीत एका रात्री बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. नवराबायको दचकून उठली. पाहतात तो झाकणाची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेली! पोरगी फोनवर रडत होती. "काका, मी कुठं आपटली नाही हो तिला!"

तिने आपटली नव्हतीच. काही वर्षांनी धाकट्या पुतणीचे लग्न ठरले. तिचेही सासर कॅनडातले. "मलाही आजीसारखी पेटी हवी," ती म्हणाली, "पण काका, फुटणारी नको." अट एवढीच. ती पुरी कशी करायची, याचे उत्तर थोरलीच्या पेटीने आधीच देऊन ठेवले होते.

२०१७ साली थोरली गणपतीला आली, ती फाटकी पेटी बरोबर घेऊन. मिस्त्रींनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली आणि ती नुसती ओटीवर ठेवून द्यायला सांगितले. भाद्रपदातल्या ओलाव्यात तीन आठवड्यांत चीर जवळजवळ मिटली! "गुरुजी, झाड तुटलं तरी लाकूड पाणी पीतच राहतं," मिस्त्री म्हणाले. "ह्या झाकणाला चारी बाजूंनी खिळे. आटायची पाळी आली तेव्हा ते आटणार कुठं? मधेच फाटलं." त्यांनी खिळे उपटले, चिरेत सरस घातला आणि झाकण नव्या रीतीने बसवून दिले. तिकडे असतानाच कुणी त्या चिरेत लांबी भरली असती, तर इकडे येऊन फुगलेल्या फळीने सांधेच ढकलून उचकटले असते.

मिस्त्रींच्या या बोलण्यामागे साधा हिशेब आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवघेव करीत असते. पावसाळ्यात आपल्याकडे हवेची आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर जाते, तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १६ ते २० टक्के पाणी मुरलेले असते. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापवतात. घरातली आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत उतरली की लाकडात जेमतेम ६ टक्के पाणी उरते. पाणी गेले की लाकूड आटते. मात्र लांबीत ते आटल्याचे कळतसुद्धा नाही, आटते ते रुंदीत. शिसवाची सहा इंच रुंद फळी १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली, तर जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग आटते. एक सूत म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ते सूत मिळाले नाही म्हणून तर आईची पेटी फुटली.

हे दुखणे आमच्याच घरचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरतेकडे सदेली नावाच्या नक्षीच्या सुंदर पेट्या होत असत. चंदन, आबनूस, पतंगाचे लाल लाकूड, हस्तिदंत, कथिल यांच्या तिकोनी बारीक काड्या सरसाने जुडीसारख्या बांधायच्या आणि त्या जुडीचे आडवे पातळ काप काढून पेटीवर बसवायचे. एकेक काप म्हणजे एकेक चांदणी! ही विद्या इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि मग मुंबईला आली, असे मानतात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या पेट्यांनी साहेबाला भुरळ घातली आणि 'बॉम्बे बॉक्स' हे नाव तिकडे रूढ झाले. त्यांतल्या जुन्या पेट्यांवरच्या चांदण्या ठिकठिकाणी उचललेल्या दिसतात. कारण तेच. खालची चंदनाची फळी कोरड्या हवेत आटते, वरचे कथिल आटत नाही. निरनिराळ्या स्वभावाची माणसे एका घरात कोंडली की जे होते, तेच तिथे झाले.

म्हणून नव्या पेटीसाठी लाकडे निवडताना आम्ही रंगाआधी स्वभाव पाहिला. पेटी नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, चार इंच उंच.

चारी बाजूंना घेतला ब्रह्मी साग. आता तो नवा मिळणे दुरापास्त. म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून लाकडाचे ओंडके बाहेर पाठवणेच बंद केले. पण पेणकडे एक जुना वाडा उतरवला जात होता, त्याच्या दाराची चौकट मिळाली. साग किती टिकतो याची साक्ष हवी असेल, तर 'ट्रिंकोमाली' हे जहाज पाहावे. मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचे हे जहाज १८१७ साली बांधले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

झाकणाला घेतला पर्जन्यवृक्ष. कुणी त्याला विलायती शिरीष म्हणतात. मूळचा हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा; एकोणिसाव्या शतकात इकडे आला आणि रस्त्यांवर सावली धरून असा उभा राहिला की परका आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. संध्याकाळ झाली की पाने मिटून घेणारे हे झाड. २०११ साली मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम आमच्या बाजूला निघाले, तेव्हा कित्येक जुनी झाडे पडली. वखारीत जळणाच्या ढिगात त्यातला एक बुंधा पाहिला: बाहेर पिवळट, आत मधासारखा तपकिरी. दोन इंची फळ्या पाडून घेतल्या आणि इंचाला एक वर्ष या जुन्या हिशेबाने सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. या लाकडाचा मोठा गुण असा की ते फार कमी आटते. शिसवाच्या निम्म्याला थोडे अधिक, एवढेच. झाकणाला याहून चांगले काय हवे?

भोवती लाल पट्टी अंदमानच्या पडौकाची. ती एका मोडक्या मेजाच्या पायातून निघाली. आणि कोपऱ्यांना काळसर चाव्या आईच्याच घरातल्या मोडक्या पलंगाच्या शिसवाच्या. गंमत अशी की या चौघांत आम्हाला परके न वाटणारे एकटे शिसव. पण लंडनच्या बाजारात एके काळी तेच 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून परदेशी अपूर्वाई ठरले होते. आता तर २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरात दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट मिळाली, तरी परदेशी नेण्यापूर्वी त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत हे बरे.

आता कृती. २०१९ च्या दिवाळीत आम्ही काम धरले. चारी बाजूंच्या पट्ट्या चार सूत जाडीच्या, रेषा आडव्या ठेवून कापल्या. म्हणजे पेटी उंचीत फुगली-आटली तरी चारी बाजूंनी सारखीच. टोके ४५ अंशांत कापून जुळवली. साग आणि शिसव दोन्ही तेलकट, सरस धरत नाहीत. म्हणून जोडण्याआधी सांध्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. नुसता तिरपा सांधा दुबळा असतो, तेव्हा कोपऱ्यांत करवतीने चिरा पाडून त्यांत शिसवाच्या पातळ चाव्या बसवल्या. पडौक घासताना त्याची लाल पूड शेजारच्या लाकडात शिरते. त्यासाठी आधी चपडी लाखेचा एक हात सगळीकडे दिला. नाकाला रुमाल हवाच, या लाकडांची पूड बाधते. पडौकाची लाली उन्हात ठेवल्यास काही वर्षांत तपकिरी होते, हेही पुतणीला आधीच सांगून ठेवले.

खरी मेख झाकणात. पट्ट्यांच्या आतून दोन सूत खोल खाच पाडली आणि झाकणाची फळी तिच्यात नुसती सरकवली. सरसाचा थेंब फक्त दोन्ही टोकांच्या मध्यावर, म्हणजे फळी आटली तर दोन्हीकडून सारखी आटेल. खाचेत दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सूत मोकळा ठेवला. पोर गणपतीला माहेरी आली तर फुगायलाही जागा हवी! फळीला पॉलिश मात्र बसवण्याआधीच, कडांपर्यंत केले. नाहीतर ती आटल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते. पावसाळ्यात काम केले तर फळी आधीच फुगलेली असते, तेव्हा ती खाचेत खोलवर घालावी. उन्हाळ्यात केले तर खाचेत जागा अधिक सोडावी.

आणखी एक युक्ती. पेटी आधी सहाही बाजूंनी बंदच करायची आणि मग करवतीने वरचा भाग कापून झाकण सुटे करायचे. त्यामुळे लाकडाच्या रेषा झाकणावरून खाली अखंड उतरतात. धडधाकट पेटीला करवत लावताना छातीत धस्स होते खरे. पण मिस्त्रींनी एका दमात चारी बाजू कापल्या.

२०२० च्या जानेवारीत पेटी कॅनडाला गेली. मार्चमध्ये पुतणीने छायाचित्र पाठवले. झाकणाच्या फळीच्या कडेने खाचेत उतरणारी बारीकशी सावली दिसत होती, जेमतेम पाव सुताची. चीर कुठेही नव्हती. थोरलीचीही पेटी मिस्त्रींनी दुरुस्त केल्यापासून पुन्हा फुटलेली नाही.

मग महामारी आली आणि जाणे-येणे थांबले. धाकटी आली ती एकदम २०२२ च्या गणपतीला, पेटी घेऊन. आठवड्याभरात कडेची सावली नाहीशी झाली आणि झाकण जरा अडून उघडू लागले. "काका, थोडा रंधा मारा ना," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत मिस्त्रींनी पेटी तिच्या हातात परत दिली.

"नको ग पोरी. आत्ता तासलं तर तिकडं गेल्यावर खुळखुळेल. चार दिवस माहेरी आलीय, फुगू दे तिला!"