पात्राचा कंठ : ‘नाना’ आणि ‘गीतरामायण’ यांच्या संदर्भात कथाधिष्ठित गीतसंचाचा विचार

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडल्यानंतर चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. खेड तालुक्यातील या पट्ट्यात गेल्या काही दशकांत वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने उभे राहिले. त्यांत जपानी भांडवलाचेही आहेत. त्यामुळे जपानी भाषा हा येथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. मात्र या भाषेशी त्यांची पहिली ओळख पाठ्यपुस्तकातून होण्याऐवजी पुष्कळदा ‘अ‍ॅनिमे’, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन-मालिका आणि त्यांतील गाणी, यांतून होते. असा एखादा गीतसंच विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी निवडला, तर भाषा-साहित्याच्या प्राध्यापकाने त्याकडे कसे पाहावे? मालिकेच्या जाहिरातीचा एक भाग म्हणून तो बाजूला सारावा, की संहिता म्हणून वाचावा? प्रस्तुत लेखात एका जपानी रॉक गायिकेच्या गीतसंचाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

हा संच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गायिका अन्ना त्सुचिया, आणि संचाचे नाव ‘अन्ना त्सुचिया इन्स्पि नाना (ब्लॅक स्टोन्स)’. अन्ना आणि नाना ही नावे वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन वडीलधारी माणसे उभी राहतील, पण येथे दोघीही तरुण स्त्रिया आहेत. एक खरी, दुसरी कागदावरची. ‘नाना’ या जपानी शब्दाचा एक अर्थ ‘सात’. आय याझावा या लेखिका-चित्रकर्तीची याच नावाची चित्रकथा २००० पासून ‘कुकी’ या मासिकात क्रमशः येऊ लागली. टोकियोला निघालेल्या आगगाडीत एकाच नावाच्या, एकाच वयाच्या दोन मुली भेटतात आणि पुढे ७०७ क्रमांकाच्या घरात एकत्र राहू लागतात. त्यांपैकी नाना ओसाकी ही ‘ब्लॅक स्टोन्स’ या पंक रॉक वाद्यवृंदाची गायिका आहे. तिचा प्रियकर रेन ‘ट्रॅपनेस्ट’ या अधिक यशस्वी वृंदात वादक आहे आणि त्या वृंदाची गायिका आहे रेइरा.

कथेची नायिका गायिका आहे, पण छापील चित्रकथेला आवाज नसतो. नाना गाते आहे, श्रोते भारावले आहेत, हे चित्रात दिसते. ऐकू मात्र काहीच येत नाही. प्रत्येक वाचक तो आवाज आपल्या मनाने पुरवितो. असे साहित्य दृक्-श्राव्य माध्यमात आणताना पहिली अडचण येथेच येते. लक्षावधी वाचकांनी मनात ऐकलेल्या आवाजाऐवजी एकच आवाज निवडावा लागतो.

२००५ च्या चित्रपटात मिका नाकाशिमा या गायिकेनेच नानाची भूमिका केली आणि गाणेही तिनेच गायिले. त्या गाण्याचे शब्द स्वतः याझावा यांचे होते. आपल्या संगीत नाटकातील गायक-नटाची परंपरा आठवावी, असाच हा प्रकार. एप्रिल २००६ ते मार्च २००७ या काळात दूरचित्रवाणीवर आलेल्या ४७ भागांच्या अ‍ॅनिमेशन-मालिकेत मात्र वेगळा मार्ग स्वीकारला गेला. मोरिओ आसाका दिग्दर्शित या मालिकेत नानाचे बोलणे रोमी पार्क या अभिनेत्रीचे, तर गाणे अन्ना त्सुचियाचे. रेइरासाठी ऑलिव्हिया या गायिकेची निवड झाली. मालिकेच्या आरंभीची आणि शेवटची गाणी या दोघींनीच आळीपाळीने गायिली. कथेतील दोन वृंदांची स्पर्धा अशा रीतीने प्रत्यक्ष संगीताच्या बाजारातही उतरली. २००७ मध्येच ऑलिव्हियाचाही ‘रेइरा (ट्रॅपनेस्ट)’ हे नाव धारण करणारा स्वतंत्र संच निघाला.

यातील व्यापार नाकारण्याचे कारण नाही. जपानमध्ये मालिका आणि ध्वनिमुद्रण-कंपनी यांची अशी जोडी नेहमीचीच आहे. आरंभगीताचा सुमारे दीड मिनिटाचा तुकडा दर आठवड्याला कानांवर पडतो आणि पूर्ण गाणे विकत घेण्याची इच्छा निर्माण होते. पण व्यापार होता एवढ्यावरून संहिता संपत नाही. तसे मानले तर आपल्या संगीत रंगभूमीचा बराचसा इतिहासही बाद करावा लागेल.

एका कल्पनेभोवती गुंफलेल्या गीतसंचाची परंपरा पाश्चात्त्य रॉकमध्ये जुनी आहे. बीटल्सने १९६७ मध्ये एका काल्पनिक बँडचे सोंग घेऊनच आपला प्रसिद्ध संच काढला. मात्र तेथे सोंग गायकांनीच रचलेले होते. त्सुचियापुढे पात्र आधीपासून तयार होते आणि त्याची मालकी दुसऱ्या लेखिकेकडे होती. म्हणून संचाच्या नावातील ‘इन्स्पि’ हा तुटका शब्द महत्त्वाचा वाटतो. ‘प्रेरित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते संक्षिप्त रूप आहे. गायिका स्वतःला नाना म्हणवीत नाही. नानापासून प्रेरणा घेतलेली अन्ना म्हणवते. सोंग घेतले आहे, पण ते सोंग असल्याचे मुखपृष्ठावरच सांगितले आहे.

हाच प्रश्न मराठीत निराळ्या वेषात पूर्वीच येऊन गेला आहे. रामकथेवर जपानी दिग्दर्शक युगो साको आणि भारतीय अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा अ‍ॅनिमेशनपटही १९९२ मध्ये पूर्ण झाला, पण आपल्या प्रश्नासाठी त्याहून जवळचे उदाहरण पुण्यातच आहे. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, सुरू झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत चालले. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. एका कथेची क्रमबद्ध, भिन्न पात्रांच्या मुखांतून आलेली ही गीते म्हणजे कथाधिष्ठित गीतसंचाचा मराठीतील सर्वांत पूर्ण नमुना होय. संकल्पनाधिष्ठित ‘अल्बम’ ही संज्ञा आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा.

मूळ प्रसारणात पात्रानुसार कंठ बदलत असत. रामासाठी स्वतः फडके, सीतेसाठी प्रामुख्याने माणिक वर्मा, कौसल्येसाठी ललिता फडके. वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक हेही त्यात होते. पुढे फडके यांनी एकट्याने ‘गीतरामायणा’चे असंख्य कार्यक्रम केले आणि त्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकाच घरोघर पोहोचल्या. परिणामी सीतेचा शोक आणि कौसल्येचे वात्सल्य मराठी माणसाच्या कानांत एका पुरुषाच्या आवाजात साठलेले आहे, आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. कीर्तनकार एकटाच सर्व पात्रे बोलतो, हा संकेत आपल्या अंगवळणी पडलेला आहे. श्रोता फडक्यांना सीता समजत नाही. सीतेची कथा सांगणारा समजतो.

हा संकेत समर्थ आहे, पण त्याची किंमतही मोजावी लागली आहे. स्त्री-पात्रांचे मूळ स्त्री-कंठ सार्वजनिक स्मृतीतून मागे पडले. कौसल्येचे गीत प्रथम कोणी गायिले, हे आज मराठीच्या पदव्युत्तर वर्गात विचारून पाहावे. माणिक वर्मांच्या गायनात सीता स्वतः बोलते. फडक्यांच्या गायनात तिच्याविषयी बोलले जाते. शब्द आणि चाल तीच असूनही निवेदनाची जागा बदलते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक दुर्लक्षिता येणार नाही.

‘नाना’च्या बाबतीत संकेत नेमका उलटा आहे. तेथे निवेदक नाही. कंठ थेट पात्राला चिकटतो. ‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकर यांची आणि गायन राहुल देशपांडे यांचे होते, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात १९६७ च्या नाटकातील वसंतराव देशपांडे यांचा आवाज उभा होताच. नव्या आवाजाला त्या आवाजाशी तुलना सोसावी लागली. नानाचे वाचकही चित्रपटातला कंठ आणि मालिकेतला कंठ यांविषयी असाच पक्ष घेताना आढळतात. त्सुचियाचा घोगरा, कडा न घासलेला आवाज पंक गायिकेला शोभतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरी मनात वेगळाच आवाज ऐकलेल्या वाचकाला ते मान्य होईलच असे नाही.

मालिका आणि हा गीतसंच २००७ मध्ये पूर्ण झाले. चित्रकथा मात्र पुढे चालू राहिली आणि २००९ मध्ये लेखिकेच्या आजारपणामुळे २१ खंडांवर थांबली. मालिकेच्या पुढच्या त्या खंडांना कोणतेही गीत नाही. नाना तेथेही गाते, आणि ज्यांनी २००७ चा संच ऐकला आहे ते वाचक ती पाने अन्ना त्सुचियाच्या आवाजात वाचतात. ज्यांनी ऐकला नाही, त्यांची नाना अजून त्यांच्याच मनाने गाते.