देवीच्या वाटेवरची चित्रं

औंधच्या संग्रहालयात येणाऱ्यांपैकी चित्रं बघायची म्हणून घरातून निघालेली माणसं थोडीच. बाकीची यमाईला आलेली असतात. खटाव तालुक्यातलं हे गाव, मूळपीठाचा डोंगर, वर देवी आणि त्या डोंगराच्या वाटेवर श्री भवानी चित्रसंग्रहालय. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाच्या कपाळावर ताजं कुंकू असतं, हातात नारळाच्या वाट्यांची पिशवी असते आणि पायांत नुकत्याच उतरलेल्या पायऱ्यांची थरथर असते. मुंबईच्या जहांगीर कलादालनात शिरताना चेहऱ्यावर जो एक ‘आपल्याला कळतं बरं का’ असा भाव आपोआप चढतो, तो इथे कुणाच्याच तोंडावर दिसत नाही. त्यामुळे मी चित्रांइतकाच वेळ चित्रं बघणारी माणसं बघण्यात घालवला.

एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरानं एका मोठ्या फ्रेमकडे बोट दाखवून विचारलं, “आजी, ह्यो देव कुठला?” आजींनी चित्राकडे जरा निरखून पाहिलं. “देव न्हाय रं, चित्र हाय. पर हात जोड.” आणि दोघांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या रखवालदाराला यात काहीच नवल वाटलं नाही.

त्या रखवालदाराचं काम बघण्यासारखं आहे. लोक आत आले की तो त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही, हातांकडे बघतो. तैलचित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा हात नकळत पुढे जातो, विशेषतः दागिने रंगवलेले असले की. खरंच उंचावलेत का, हे बोटाला तपासायचं असतं. बोटाचा घाम आणि तेल वार्निशवर बसलं की त्याच्यावर धूळ धरते आणि तो डाग सहजी निघत नाही. म्हणून हात कोपरातून वळायला लागला की याचा “अं हं” असा आवाज येतो. तो शब्दही नव्हे, पण सगळ्यांना कळतो. दुसरं काम माणसांना मागे सरकवायचं. “जवळनं नका बघू, हितं या, ह्या फरशीवर उभं ऱ्हावा.” त्याला चित्रकलेचं शिक्षण नाही. पण वर्षानुवर्षं त्याच भिंतींसमोर उभं राहिल्यामुळे कुठलं चित्र कुठून दिसतं, हे त्याच्या पायांना ठाऊक झालं आहे. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे फरश्या बदलत गेलो आणि माझा फायदाच झाला.

कारण यातला निम्मा खेळ उजेडाचा आहे. इथे वरून येणाऱ्या नैसर्गिक उजेडाचा उपयोग करून घेतला आहे. तैलचित्रावर वार्निशचा थर असतो आणि तो काचेसारखा झळकतो. समोरच्या खिडकीतून उजेड आला तर चित्राऐवजी खिडकीच दिसते. दिवाणखान्यातल्या तसबिरींत आपण आपलंच डोकं बघतो तशी गत. उजेड उंचावरून आला की तो चित्रावर पडून खाली जमिनीकडे परततो, बघणाऱ्याच्या डोळ्यांत शिरत नाही. शिवाय भिंत उजळ राहते आणि बघणारा जरा अंधारात. तेवढ्या फरकानंही चित्र पुढे येतं. मी आत होतो तेव्हा बाहेर ढगांची ये-जा चालली होती. ढग सरकला की समोरच्या चित्रातली सावली पातळ व्हायची आणि तिच्यातून पडद्याची घडी, पाठीमागचा खांब असं काहीबाही वर यायचं. बल्बखाली हे होत नाही. तिथे चित्र एकदा जे दिसतं तेच दिसत राहतं.

अर्थात या उजेडाची किंमतही असते. तेलरंग तो बऱ्यापैकी सोसतात. कागद, जलरंग आणि कापड यांना तो मानवत नाही. म्हणून संग्रहालयांच्या जगात तैलचित्रांना सर्वसाधारणपणे २०० लक्सपर्यंत उजेड चालतो आणि जलरंगांना व वस्त्रांना ५० च्या आसपासच ठेवतात. एखाद्या लघुचित्राच्या कपाटापाशी अंधार वाटला तर कुरकुर करू नये, ती काटकसर नसते. खटाव-माणच्या कोरड्या हवेचा मात्र इथल्या चित्रांना आधार असणार. कोकणातल्या दमट वाड्यांमधून कॅनव्हासला बुरशी धरते.

रविवर्मांच्या चित्रांसमोर सगळ्यात जास्त लोक थबकतात. नाव वाचून थबकतात असं नाही. एक मध्यमवयीन बाई नवऱ्याला म्हणाल्या, “आवो, आपल्या जुन्या घरात व्हतं की असलं!” असलं चित्र अनेकांच्या जुन्या घरात होतं, हे खरंच आहे. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला, आणि लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या देवघरांत, पेढ्यांवर, हॉटेलांच्या गल्ल्यामागे जाऊन बसल्या. आपण सगळ्यांनी रविवर्मा पाहिलेले असतात, ते असे.

पण छापील रविवर्मा आणि हाती रंगवलेले रविवर्मा यांत काय फरक आहे, हे औंधला नाक भिंतीपाशी नेल्यावर कळतं. (रखवालदाराची परवानगी घ्यावी, हात पाठीमागे बांधावेत.) चार-पाच पावलांवरून साडीचा जरीकाठ झगझगतो, इतका की त्यात सोन्याचा वर्ख घातला असावा असं वाटतं. जवळ जावं तर सोनं नाहीच. मातकट पिवळ्या रंगाची एक पट्टी, तिच्यात तपकिरी फटी आणि त्यावर जाड, जवळजवळ पांढरे असे चार-दोन ठिपके, तेही घडीच्या फक्त ज्या कडेवर उजेड पडला असता तिथेच. बाकीची जर आपला डोळा विणतो. मोती म्हणजे एक करडा गोल आणि त्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा थेंब. पांढऱ्या वस्त्रात पांढरा रंग सगळ्यात कमी, निळसर आणि राखी छटाच अधिक. चेहऱ्यावर तर कुंचल्याचा माग सापडत नाही. पातळ रंगाचे थर एकावर एक वाळत घातले आहेत, आणि हनुवटीखालची सावली काळी नसून तांबूस आहे. त्यामुळे कातडीखाली रक्त असल्याचा भास होतो.

छपाईत हे थर येणं शक्यच नव्हतं. ओलिओग्राफची, म्हणजे या छापील चित्रांची, रीत अशी: चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, शिळा भिजवायची, मग शाई फिरवायची. शाई तेलकट जागी धरते, भिजलेल्या जागी धरत नाही. पण एका शिळेवर एकच रंग. म्हणजे जितके रंग तितक्या शिळा आणि तितक्या वेळा तोच कागद दाबाखाली. कागद केसभर हलला की ओठांचा लाल रंग ओठ सोडून हनुवटीकडे घसरतो. जुन्या तसबिरींत अशा लिपस्टिक फासलेल्या देव्या पुष्कळ सापडतात. गालाची गोलाई साधायला कारागीर बारीक ठिपके मारत. शेवटी वर वार्निश फासून तैलचित्राचा आव आणायचा. एवढी मेहनत घेतलेली चीज लोकांनी घरी नेली आणि तिच्यावर आणखी टिकल्या, जर, कापडाचे तुकडे चिकटवून सजवली. मला ते रविवर्मांचा अपमान वाटत नाही. मूळ चित्रातली जर छापताना मेली होती, बायकांनी ती आपल्या हातानं परत लावली.

संग्रहालयात युरोपातल्या जुन्या थोर चित्रकारांच्या कृतींच्या नकलाही आहेत. शहरातून आलेले पाहुणे यांच्यापुढून भराभर जातात. “कॉपी आहे,” असं एकमेकांना सांगतात आणि पुढे सरकतात. मला हे पटत नाही. रंगीत छपाई जेव्हा दुर्मीळ होती, तेव्हा साताऱ्याकडच्या एखाद्या पोराला राफाएलच्या चित्राचा रंग कसा असतो हे कळायचे दोनच मार्ग होते: बोटीनं इटली गाठणं किंवा औंधचा डोंगर चढणं. चांगला नक्कलकार मूळ चित्रासमोर बसून रंगवतो. पुस्तकातल्या पानावर कळत नाही ते माप, देहांचा आकार, निळ्याचं वजन हे सगळं नकलेतून कळतं. नकलांच्या नादी लागलेला तो काळ आपण उगाच हसण्यावारी नेतो.

हे सगळं गोळा करणारा माणूस म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, औंध संस्थानच्या गादीवर आले १९०९ साली. संस्थान उणंपुरं ७२ गावांचं, तेही सलग नाही. तुकडे इकडेतिकडे पसरलेले आणि बराचसा मुलूख दुष्काळी. बडोद्याच्या सयाजीरावांनी रविवर्मांकडून एकदम चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली. औंधची ऐपत तशी नव्हती. पण सयाजीराव चित्रं करवून घेणारे, आणि बाळासाहेब स्वतः कुंचला धरणारे. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली निघालं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसाही दिला आणि चित्रंही काढून दिली. अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. याच माणसानं सूर्यनमस्काराचा प्रसार केला, कीर्तनं केली, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेच्या हवाली केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, हे संग्रहालय उभं राहिलं होतं.

बाळासाहेबांची स्वतःची चित्रं मी बराच वेळ पाहिली. मोठे चित्रकार म्हणावेत असे ते नव्हते. प्रसंग ठसठशीत मांडायचा, कोण कुठे उभं आहे हे लांबून कळलं पाहिजे, चेहऱ्यावरचा भाव मागच्या रांगेतल्यालाही पोचला पाहिजे, असा त्यांचा बाणा. चित्रात मला कीर्तनकारच अधिक दिसला, पूर्वरंग संपवून आख्यानाला उभा राहिलेला. धुरंधरांची सफाई त्यांच्यात नाही. याच संग्रहात धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, माधव सातवळेकरही आहेत, त्यामुळे तुलना डोळ्यांदेखत होते. स्वतःच्या पैशानं बांधलेल्या इमारतीत आपल्याहून सरस हातांना जागा द्यायची, यासाठी एक वेगळंच काळीज लागतं. राजेलोकांत ते सरसकट आढळत नाही.

सातवळेकरांचं नाव निघालं म्हणून सांगतो. माधवरावांचे वडील म्हणजे वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. तेही मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार, लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. तिथून ते औंधला येऊन राहिले आणि वेदांचं काम इथून चालवलं. कवी गदिमाही औंधच्याच शाळेत शिकले. एवढ्याशा गावात एवढी माणसं कशी, याचं उत्तर मला त्या भिंतींवर थोडंफार सापडलं. राजा फक्त खजिना सांभाळत नव्हता, तो रोज काहीतरी गिरवत बसलेला असे आणि गिरवणाऱ्या माणसांना त्याच्या शेजारी बसायला संकोच वाटत नसे.

आता हेन्री मूर. त्याचं ‘आई आणि मूल’ हे छोटं दगडी शिल्प औंधला आहे, हे ऐकून पुण्या-मुंबईचे कलाविद्यार्थी वाट वाकडी करून येतात. विसाव्या शतकातल्या बड्या शिल्पकारांपैकी हा एक. त्याची मोठी कामं जगातल्या नामांकित बागांत आणि चौकांत आहेत. देवीहून उतरलेली मंडळी मात्र त्याच्यापुढून सरळ निघून जातात. मी उभा होतो तेवढ्या वेळात एका शाळकरी मुलीनं तेवढं थांबून विचारलं, “हे अर्धवट राहिलंय का?” प्रश्न चांगलाच आहे. रविवर्मांनी रंग असा लपवला की त्याची जर झाली, मोती झाला, गाल झाला. मूर दगड लपवत नाही. आई आणि मूल त्याला दगडाच्या गोळ्यातच हवे असतात, दगडाचा जडपणा शाबूत ठेवून. साच्यात ओतायचं नाही, थेट दगडावर छिन्नी चालवायची आणि दगड सांगेल तिथे थांबायचं, हा त्या पिढीचा हट्ट होता. मी त्या मुलीला म्हटलं, वरच्या देवळात शेंदूर लावलेले तांदळे पाहिलेस का कधी, नाक-डोळे नसलेले? तिनं मान हलवली. “ते अर्धवट असतात का?” “नाही, ते देवच असतात,” ती म्हणाली आणि शिल्पाला उलट्या बाजूनं वळसा घालायला लागली.

कुणी जाणार असेल तर माझी एकच सूचना. बहुतेक जण रविवर्मांपासून सुरुवात करतात आणि मग त्या गुळगुळीतपणाची डोळ्यांना इतकी सवय लागते की मूर खडबडीत, बाळासाहेब भाबडे आणि नकला नकलीच वाटतात. उलट जावं. आधी मूर, मग बाळासाहेब, मग नकला, शेवटी रविवर्मा. आणि ऊन-ढगाचा दिवस निवडावा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एस.टी. येते, दर्शनाला निघालेल्या मंडळींमुळे सोबतही मिळते.