व्हिडिओ पोकरमधील बक्षीस-तक्ता आणि नशीब : दीर्घकालीन निकालांचे संख्याशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
संभाव्यता हा विषय पदवी स्तरावर शिकविताना नाणेफेक व फासे यांची उदाहरणे प्रामुख्याने दिली जातात. या उदाहरणांतून अपेक्षित मूल्य ही संकल्पना स्पष्ट होते. परंतु अपेक्षित मूल्य आणि प्रत्यक्ष अनुभव यांत दीर्घकाळ एवढे अंतर का राहते, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजलेला व्हिडिओ पोकर हा यंत्रावरील पत्त्यांचा खेळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. या खेळाच्या दीर्घकालीन निकालात बक्षीस-तक्त्याचा वाटा किती आणि नशिबाचा किती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेळाचे स्वरूप :
‘जॅक्स ऑर बेटर’ या मूळ प्रकारात यंत्र बावन्न पत्त्यांच्या कॅटातून पाच पाने दाखविते. खेळाडू त्यांपैकी हवी ती ठेवतो व उरलेली एकदाच बदलून घेतो. अंतिम पाच पानांवरून बक्षीस ठरते. किमान गुलामांची जोडी जमली तर लावलेली रक्कम परत मिळते, तर एकाच जातीच्या दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का या ‘रॉयल फ्लश’ला, पाच नाणी लावलेली असल्यास, ८०० पट रक्कम मिळते. पाचापेक्षा कमी नाणी लावल्यास हेच बक्षीस २५० पटीवर येते.

नेव्हाडाच्या नियमावलीनुसार यंत्रावर दिसणाऱ्या पत्त्याची संभाव्यता खऱ्या पत्त्यांच्या खेळाइतकीच असावी लागते. त्यामुळे पाने पडण्याच्या शक्यतेत यंत्रमालकाला फेरफार करता येत नाही. आपला नफा वाढवायचा असल्यास त्याला बक्षिसेच कमी करावी लागतात, आणि ती बक्षिसे पडद्यावर सर्वांसमक्ष मांडलेली असतात.

बक्षीस-तक्त्याचा परिणाम :
तक्त्यातील बदल सहसा दोन ओळींत होतो. एक ‘फुल हाऊस’ (तीन समान पाने व एक जोडी) आणि दुसरी ‘फ्लश’ (एकाच जातीची पाच पाने). यांना अनुक्रमे ९ व ६ पट रक्कम देणारा तक्ता ‘९/६’ या नावाने ओळखला जातो, तर ८ व ५ पट देणारा ‘८/५’ या नावाने. प्रत्येक डाव सर्वोत्तम पद्धतीने खेळल्यास ९/६ तक्त्यावर लावलेल्या रकमेपैकी सरासरी ९९.५४ टक्के परत येते. ८/५ तक्त्यावर ९७.३० टक्के.

या फरकाचे कारण सरळ आहे. फुल हाऊस सुमारे १.१५ टक्के डावांत व फ्लश सुमारे १.१० टक्के डावांत येतो. दोहोंचे बक्षीस एकेक पटीने घटल्यावर परतावा सुमारे सव्वादोन टक्क्यांनी घटतो. परताव्याच्या भाषेत ही घट किरकोळ भासते. परंतु तोट्याच्या भाषेत ०.४६ टक्क्यांचे २.७० टक्के होतात. म्हणजेच खेळाडूचा अपेक्षित तोटा जवळजवळ सहापट होतो.

नशिबाचा वाटा :
हा सहापट फरक खेळाडूला जाणवत मात्र नाही. याचे कारण निकालांच्या चढउतारात आहे. ९/६ तक्त्यावर एका डावाचे प्रमाण विचलन लावलेल्या रकमेच्या सुमारे ४.४ पट असते. रॉयल फ्लश सरासरीने सुमारे ४०,४०० डावांत एकदा येतो. तरीही एकूण प्रचरणाचा सुमारे चार-पंचमांश भाग एकट्या त्याच्यामुळे निर्माण होतो.

एका डावाला १.२५ डॉलर (पंचवीस सेंटची पाच नाणी) आणि तासाला ६०० डाव असे गृहीत धरल्यास पुढील चित्र दिसते. ८/५ तक्त्याचे प्रमाण विचलनही जवळपास एवढेच असते.

१ तास : अपेक्षित तोटा ९/६ वर ३.४ डॉलर, ८/५ वर २० डॉलर. प्रमाण विचलन १३५ डॉलर.
१०० तास : अपेक्षित तोटा ३४० व २,०३० डॉलर, प्रमाण विचलन १,३५० डॉलर.
१,००० तास : अपेक्षित तोटा ३,४०० व २०,३०० डॉलर, प्रमाण विचलन ४,३०० डॉलर.

एका तासात दोन तक्त्यांमधील सुमारे १७ डॉलरचा फरक १३५ डॉलरच्या चढउतारात पूर्णपणे बुडून जातो. शंभर तासांनंतरही चित्र धूसरच असते. एवढ्या खेळात एकदाही रॉयल फ्लश न येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के आहे. हजार तासांनंतर मात्र चित्र पालटते. तोटा डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, तर चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ९/६ वर खेळणारा अजूनही नफ्यात असण्याची शक्यता साधारणपणे पाचात एक एवढी उरते. ८/५ वर ती जवळजवळ शून्य होते.

एक गैरसमज :
बराच काळ मोठे बक्षीस न दिलेले यंत्र आता ते ‘देणे लागते’, अशी समजूत खेळाडूंमध्ये आढळते. प्रत्येक डाव स्वतंत्र असल्याने ती निराधार आहे. याकोब बर्नुली यांच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील बृहत् संख्यांच्या नियमाचा हा विपर्यास होय. तो नियम मागील तूट भरून येईल असे सांगत नाही. डावांची संख्या वाढेल तशी ती तूट सरासरीत नगण्य ठरते, एवढेच तो सांगतो.

समारोप :
एका संध्याकाळचा निकाल नशीब ठरविते; हजारो तासांचा निकाल तक्ता ठरवितो. खेळाडू मात्र संध्याकाळच्या अनुभवावरून यंत्राची पारख करतो आणि डोळ्यांसमोरील दोन आकडे वाचत नाही. जिंकून उठलेल्या खेळाडूला वाईट तक्ता चांगला वाटतो, हरलेल्याला चांगला तक्ता वाईट वाटतो. ९/६ तक्ताही सर्वोत्तम खेळानंतर तोट्याचाच आहे, हेही येथे विसरता येत नाही. अल्प नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष का फसतो, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी वरील तीन ओळींचे गणित वर्गात करून घेणे निश्चितच उपयुक्त ठरेल.